पहाटेपर्यंत चालणारा सेट : खुल्या हँडहेल्ड एसडीआरसाठी प्रोसेसर निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या मंडळींचा हा छोटा गट. त्यात दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, वर्षानुवर्षं व्हीयू२ कॉलसाइनवर बोलणारे एक काका आहेत. महापेतल्या एका कंपनीत फर्मवेअर लिहिणारी ताई आहे, नुकताच रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास झालेला ऐरोलीचा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आहे आणि रबाळे एमआयडीसीत पीसीबी असेंब्लीचं युनिट चालवणारे एक गृहस्थ आहेत. चाचण्या आणि नोंदी माझ्याकडे होत्या. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तांत्रिक तपशील मात्र जसेच्या तसे आहेत, कारण असाच विचार करणारे गट इतर शहरांतही आहेत आणि त्यांना तेच उपयोगी पडतील.

गणपती विसर्जन, मॅरेथॉन, पावसाळी ट्रेक अशा ठिकाणी हा गट संपर्काचं काम स्वयंसेवक म्हणून करतो. सगळ्यांकडे विकतचे हँडी, म्हणजे हातात धरायचे सेट आहेत आणि ते चांगले चालतातही. अडचण डिजिटल आवाजापाशी येते. डी-स्टार, डीएमआर, फ्यूजन या तिन्ही डिजिटल पद्धतींमध्ये आवाज दाबून पाठवणारा व्होकोडर एएमबीई घराण्यातला, एका कंपनीच्या मालकीचा. सेट उघडला तरी ती चिप आत काय करते ते कळत नाही. हॅम रेडिओचा परवाना मुळात स्वतः शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी असतो, आणि नेमका आवाजाचा भागच कुलपात बंद, ही गोष्ट गटाला फार खुपत होती. मलाही खुपते.

याला उत्तर आहे. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड रो यांनी कोडेक२ हा पूर्ण खुला व्होकोडर लिहिला. पोलंडच्या वॉइचेक काचमार्स्की यांनी २०१९ मध्ये सुरू केलेल्या एम१७ या खुल्या प्रोटोकॉलमध्ये तोच वापरला जातो. तेव्हा ठरलं, की आपण एम१७ आणि साधा एफएम दोन्ही बोलणारा, आकृत्यांपासून कोडपर्यंत सगळं खुलं असलेला हँडहेल्ड बनवायचा. रेडिओचं बरंचसं काम सॉफ्टवेअरने करायचं (एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, तो हाच), म्हणजे उद्या नवा मोड आला तर सोल्डरिंग आयर्न न उचलता तो टाकता येईल.

घोडं अडलं ते पहिल्याच प्रश्नावर. आत प्रोसेसर कोणता?

प्रश्न नेमका काय होता

पहिल्या बैठकीत प्रत्येकाच्या डोक्यातला सेट वेगळा होता. विद्यार्थ्याला ग्नू रेडिओ हे खुलं एसडीआर सॉफ्टवेअर चालवणारा, खिशात मावणारा सेट हवा होता, पडद्यावर वॉटरफॉल (सिग्नलांचा सरकता पट) दिसणारा. ताईला मेमरी आणि वेगात भरपूर मोकळीक हवी होती. असेंब्लीवाल्यांची अट एकच : "बीजीए नको. खालून सोल्डर झालेली चिप बिघडली तर माझ्याकडेच परत येणार, आणि एक्स-रे काही माझ्याकडे नाही." काकांना दोन मीटर बँड (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) हवा होता, आणि बॅटरी.

बॅटरीचा मुद्दा त्यांनी विसर्जनाच्या ड्यूटीवरून मांडला. दुपारी खाडीकाठी उभं राहिलेलं माणूस शेवटचा गणपती जाईपर्यंत, म्हणजे पहाटेपर्यंत हलत नाही. विद्यार्थी वॉटरफॉलबद्दल भरभरून बोलत होता तेव्हा काका म्हणाले, "अरे, रात्री दोन वाजता बॅटरी बसली तर तुझा वॉटरफॉल बघायला तिथे कोण थांबणार आहे?"

या एका वाक्याने पुढची चर्चा मार्गाला लागली असं मला वाटतं. तोवर प्रत्येक जण चिपचा वेग मोजत होता. त्यानंतर आम्ही चिप गप्प बसलेली असताना काय खाते ते मोजू लागलो.

हँडहेल्डच्या बॅटरीचा हिशेब ५-५-९० या रूढ प्रमाणाने करतात : ५ टक्के वेळ बोलणं, ५ टक्के ऐकणं, ९० टक्के नुसती वाट बघणं. आम्ही ७.२ व्होल्ट, २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी धरली, म्हणजे १४.४ वॅट-तास. ५ वॅट प्रक्षेपणासाठी बॅटरीतून साधारण ११ वॅट जातात. पण ते फक्त ५ टक्के वेळ, त्यामुळे सरासरी ०.५५ वॅट. स्पीकरचा वाटा नगण्य. प्रोसेसर मात्र तिन्ही अवस्थांत चालूच असतो. त्याला २ वॅट लागले तर सरासरी बोजा अडीच वॅटच्या वर जातो आणि सेट साडेपाच तासांत संपतो. १ वॅट लागला तर नऊ तासांच्या आसपास. प्रोसेसर आणि रेडिओ चिप मिळून एक तृतीयांश वॅटमध्ये बसले तर पंधरा तासांच्या वर, म्हणून तेवढीच आमची मर्यादा ठरली. ५ वॅटचं प्रक्षेपण ऐकायला मोठं वाटतं, पण प्रोसेसर खादाड असेल तर हँडीची बॅटरी खरी संपते ती सेट गप्प असताना.

समोर असलेले पर्याय

सर्वांत वरचा पर्याय झिंक-७०१० चा. एकाच चिपमध्ये दोन कॉर्टेक्स-ए९ कोअर आणि एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं जुळवून घेता येणारी लॉजिक). अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसच्या प्लूटो या शिकाऊ एसडीआरमध्ये हीच चिप एडी९३६३ सोबत बसवलेली आहे. विद्यार्थ्याच्या कॉलेजात प्लूटो होता आणि त्याचा हात त्यावर बसलेला होता. पण प्लूटो यूएसबीवरून दोन वॅटच्या आसपास घेतो, चिप बीजीएमध्येच येते, शिवाय डीडीआर३ मेमरी आणि वेगवेगळ्या व्होल्टेजचे पुरवठे लागतात. वरच्या हिशेबात तो साडेपाच तासांच्या रांगेत बसला आणि तिथेच बाजूला पडला.

दुसरा पर्याय लिनक्स चालवणाऱ्या मॉड्यूलचा. एम१७ मंडळींचा लिनएचटी हा प्रकल्प याच वाटेचा आहे : एनएक्सपीचा आय.एमएक्स९३, सोबत सेमटेकची एसएक्स१२५५ ही रेडिओ चिप, आणि वर ग्नू रेडिओ. प्रयोगशाळा म्हणून मला हा मार्ग फार आवडतो. "काका, लिनक्स असेल तर उद्या कुठलाही मोड पायथॉनमध्ये लिहून टाकता येईल," हे विद्यार्थ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या कामाला मात्र दोन गोष्टी आड आल्या. एक, वीज. दुसरी, बटण फिरवल्यापासून बोलता येईपर्यंतचा वेळ. बॅटरी बदलल्यावर हँडी लगेच बोलायला लागला पाहिजे. गर्दीत उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला लिनक्स उठेपर्यंत थांबायला सांगता येत नाही.

तिसरा पर्याय लहान एफपीजीए आणि सोबत मायक्रोकंट्रोलर. याला इतिहास आहे. अमेरिकेत ब्रूस पेरेन्स यांच्या प्रोत्साहनाने क्रिस टेस्टा यांनी व्हाइटबॉक्स नावाचा खुला हँडहेल्ड एसडीआर करायला घेतला होता. त्यांनी अ‍ॅक्टेलची स्मार्टफ्यूजन चिप निवडली : एफपीजीए आणि कॉर्टेक्स-एम३ एकाच घरात. कारण अगदी आमचंच. त्या चिपचा एफपीजीए फ्लॅशवर आधारलेला, त्यामुळे नुसता बसलेला असताना कमी खातो आणि वीज येताच जागा होतो. मात्र तिचं डिझाइन टूल बंदिस्त आहे. आज लॅटिसचा आयसीई४०-यूपी५के मिळतो, त्यात ५२८० लॉजिक सेल आहेत आणि योसिस-नेक्स्टपीएनआर ही पूर्ण खुली साखळी त्याला चालते. बीजीए नसलेला ४८ पिनांचा प्रकारही मिळतो. ताईचा कौल इथे होता आणि बराच काळ गट याच बाजूला झुकलेला होता.

चौथा पर्याय एकट्या मायक्रोकंट्रोलरचा. सुरुवातीला याकडे कोणी फारसं बघितलं नाही. "एवढ्यात एसडीआर कसा होणार?" असाच सगळ्यांचा सूर होता.

कलाटणी कुठे मिळाली

एफपीजीए कशाला हवा होता? रेडिओ चिपकडून येणारा आय-क्यू (सिग्नलच्या दोन जोड-घटकांच्या) नमुन्यांचा लोंढा सेकंदाला काही दशलक्ष असतो, तो गाळून मायक्रोकंट्रोलरला झेपेल इतका बारीक करायला. हे गृहीत धरूनच पर्यायांचा तक्ता तयार झाला होता. ताईने एसएक्स१२५५ ची डेटाशीट नीट वाचली तेव्हा दिसलं, की गाळायचं काम ती चिप स्वतःच करू शकते आणि नमुने आय-टू-एस सारख्या साध्या जोडणीवर देऊ शकते. ३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला २५६ ने भागलं की सेकंदाला १,२५,००० नमुने. एवढा ओघ साधा मायक्रोकंट्रोलर डीएमएने, म्हणजे कोअरला न गुंतवता थेट मेमरीत, आरामात घेतो.

मग कागदावर पुढचा हिशेब झाला. १२५ हजारांवरून २५ हजारांवर यायला ६४ टॅपचा फिल्टर धरला, तर आय आणि क्यू मिळून सेकंदाला ३२ लाख गुणाकार-बेरजा. १६८ मेगाहर्ट्झच्या कॉर्टेक्स-एम४ साठी हे काही टक्क्यांचं काम आहे. एम१७ सेकंदाला ४८०० सिम्बॉल पाठवतो आणि २५ हजारांना ४८०० ने पूर्ण भाग जात नाही. पण रिसीव्हरला सिम्बॉलची वेळ पकडण्यासाठी दोन नमुन्यांच्या मधलं मूल्य काढावंच लागतं, त्यातच हेही निभावतं. एफपीजीएची गरज संपली. एक चिप, एक फ्लॅश, एक वीजपुरवठा आणि एक पूर्ण टूलचेन कमी झाली.

याची किंमत काकांच्या बाजूने चुकवावी लागली. एसएक्स१२५५ चा पल्ला ४०० ते ५१० मेगाहर्ट्झचा. भारतातला हॅमचा ४३४ ते ४३८ त्यात येतो, १४४ ते १४६ येत नाही. "रोजचं बोलणं सगळं दोन मीटरवर. हा सेट घेऊन मी बोलू कुणाशी?" काकांचा प्रश्न रास्त होता आणि त्यावर बरीच तणातणी झाली. शेवटी असं ठरलं, की प्रोसेसर आणि रेडिओ यांचे बोर्ड वेगळे करायचे आणि मधला कनेक्टर आधी पक्का करायचा. पहिला रेडिओ बोर्ड सत्तर सेंटिमीटर बँडचा, म्हणजे ४३४ ते ४३८ चा. विसर्जनाच्या ड्यूटीला रिपीटर (मधलं पुनःप्रक्षेपण केंद्र) लागत नाही, अंतर थोडं असतं, सिम्प्लेक्स, म्हणजे सेटकडून थेट सेटकडे, पुरतं. काकांनी होकार दिला, पण दोन मीटरचा बोर्ड होईपर्यंत प्रकल्प पूर्ण झाला असं कोणी म्हणायचं नाही, ही अट घालूनच.

अंतिम तिघांतून एक

आता निवड तीन मायक्रोकंट्रोलरांत होती.

एसटीएम३२एच७४३ : कॉर्टेक्स-एम७, ४८० मेगाहर्ट्झ, १ मेगाबाइट रॅम. ताईची पसंती. पूर्ण वेगात तो एकटाच सुमारे १३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.४३ वॅट घेतो, आणि तिथेच आमची मर्यादा ओलांडतो. वेग कमी करून चालवता येतो हे खरं, पण मग एवढा घ्यायचा कशासाठी? ताईचा युक्तिवाद असा, की पुढे फ्रीडीव्ही या कोडेक२ वरच्या खुल्या डिजिटल आवाजाचे ७००डी सारखे जड मोड टाकायचे तर ताकद लागेल. यावर एसएम१००० चं उदाहरण कामाला आलं. डेव्हिड रो यांच्या या फ्रीडीव्ही अ‍ॅडॉप्टरमध्ये एसटीएम३२एफ४०५ आहे आणि नंतर त्याच चिपवर ७००डी सुद्धा बसवला गेला.

आरपी२३५० : ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला, स्वस्त, ५२० किलोबाइट रॅम, दोन कॉर्टेक्स-एम३३ कोअर. विद्यार्थी याच्या बाजूने उभा राहिला, कारण याच चिपमध्ये हॅझर्ड३ हे खुल्या डिझाइनचे दोन रिस्क-व्ही कोअरही आहेत. खुल्या सेटला खुला कोअर! विचार मोलाचा होता आणि तो घाईने मोडीत काढला गेला नाही, याचं मला समाधान आहे. पण हॅझर्ड३ ला दशांशाची (फ्लोटिंग-पॉइंट) गणितं करणारं हार्डवेअर नाही आणि कोडेक२ चा जीवच दशांश गणितात आहे. एम३३ कोअरना ते हार्डवेअर आहे. शिवाय पहिल्या आवृत्तीच्या चिपमध्ये ई९ नावाने नोंदलेला दोष होता : आतला पुल-डाउन लावलेली इनपुट पिन शून्यावर न जाता २.२ व्होल्टच्या आसपास अडकते. बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावला की प्रश्न सुटतो. म्हणजे हा अडसर नव्हता, पण डिझाइन करताना लक्षात ठेवायची गोष्ट नक्की होती.

एसटीएम३२एफ४०५ : कॉर्टेक्स-एम४, १६८ मेगाहर्ट्झ, १९२ किलोबाइट रॅम, दशांश गणिताचं हार्डवेअर, आणि ६४ पिनांचं घर, ज्याचे पाय डोळ्यांना दिसतात. टीवायटीच्या एमडी-३८० या डीएमआर हँडीमध्ये हीच चिप आहे आणि त्या सेटसाठीचं ओपनआरटीएक्स हे खुलं फर्मवेअर एम१७ बोलतं. म्हणजे पायवाट मळलेली होती. उणी बाजू अशी, की दोन्ही दिशांनी चालणारे आय-टू-एस नेमके दोनच आहेत. एक रेडिओला गेला, दुसरा माइक-स्पीकरच्या कोडेकला. हाताशी एकही शिल्लक नाही.

कौल एफ४०५ ला गेला. असेंब्लीवाल्यांनी मात्र २०२१-२२ च्या टंचाईची आठवण करून दिली. तेव्हा या घराण्यातले मायक्रोकंट्रोलर महिनोन्महिने मिळत नव्हते आणि मिळाले तर वाट्टेल त्या भावाने. "एकाच चिपवर सगळं बांधू नका," हे त्यांचं सांगणं निर्णयात लिहून घेतलं : हार्डवेअरला हात लावणारा सगळा कोड वेगळ्या थरात ठेवायचा आणि त्याच कनेक्टरवर बसेल असा आरपी२३५० चा बोर्ड राखीव म्हणून आखून ठेवायचा.

काय केलं

बोर्ड पाठवण्याआधी विकत मिळणाऱ्या डेव्हलपमेंट बोर्डवर कोडेक२ चालवून पाहिला. वेळ मोजायची ताईची पद्धत सांगण्यासारखी आहे. एन्कोडर सुरू होताना एक पिन वर करायची, संपला की खाली, आणि ती पिन ऑसिलोस्कोपवर बघायची. एम१७ च्या ४० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये आवाजाचे दोन तुकडे असतात, प्रत्येकी २० मिलिसेकंदांचा, ६४ बिटांचा. पिन त्या २० मिलिसेकंदांतला अर्ध्याहून कमी वेळ वर राहिली. शिवाय पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून बोलण्याच्या सेटमध्ये एन्कोड आणि डीकोड एकाच वेळी कधीच चालत नाहीत. त्यामुळे हा जड बोजा एका वेळी एकच. पडद्यावरची ती चौकोनी लाट बघून विद्यार्थ्याचाही विश्वास बसला.

दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. एफ४०५ ची १९२ किलोबाइट रॅम एकसंध नाही. त्यातली ६४ किलोबाइट सीसीएम प्रकारची आहे आणि डीएमए तिथे पोचतच नाही. नमुन्यांचे बफर लिंकरने तिथे टाकले की सेट ठार बहिरा. लिंकर स्क्रिप्टमध्ये बफर मुख्य रॅममध्ये आणि कोडेकची स्थिती सीसीएममध्ये अशी वाटणी केल्यावर दोन्हींची सोय झाली.

दुसरी गोष्ट जास्त रंजक. ४३५.७५ मेगाहर्ट्झवर एक शिट्टी ऐकू येई, अँटेना काढली तरी. ही जागा ४३५ ते ४३८ या उपग्रहांच्या भागातली, म्हणजे दुर्लक्ष करणं शक्य नव्हतं. काकांनी कागद घेतला आणि बोर्डवरचं प्रत्येक घड्याळ त्या आकड्यात किती वेळा जातं ते भागून पाहिलं. ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल निर्दोष : त्याच्या पटी ४३२ आणि ४४० वर पडतात, बँडच्या दोन्ही बाजूंना. पडद्याला जाणारं एसपीआय घड्याळ ५.२५ मेगाहर्ट्झचं होतं. त्याची ८३ वी पट बरोबर ४३५.७५. एका रजिस्टरमधला भाजक ८ चा ४ केला, घड्याळ १०.५ मेगाहर्ट्झ झालं, त्याच्या पटी ४३०.५ आणि ४४१ वर गेल्या आणि शिट्टी गेली. पडदाही जलद झाला.

काय निष्पन्न झालं

सेट एफएम आणि एम१७ दोन्हींवर बोलतो. वाशी ते खारघर सिम्प्लेक्स स्वच्छ मिळालं. पारसिकच्या डोंगरापलीकडे शीळफाट्याला मात्र नाही, आणि त्यात प्रोसेसरचा काही संबंध नाही. विसर्जनाच्या ड्यूटीत एकाच बॅटरीवर सेट पहाटेपर्यंत चालला. एम१७ मध्ये आवाज कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करण्याची सोय आहे, पण हॅम बँडवर उघड भाषेतच बोलावं लागतं, म्हणून ती फर्मवेअरमध्ये ठेवलेलीच नाही.

कमी पडलं ते तिथेच, जिथे निवडताना एफ४०५ ची उणी बाजू दिसली होती. ब्लूटूथ हेडसेट जोडायची मागणी आली आणि त्याच्या आवाजासाठी आय-टू-एस शिल्लक नव्हता. वॉटरफॉलही १२५ किलोहर्ट्झपुरताच दिसतो. विद्यार्थ्याने त्यावर समाधान मानलेलं नाही. तो लिनक्सची वाट बेस स्टेशनसाठी वेगळी चालवतो आहे आणि तिथे ती शोभतेही.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा ठेवावा. आधी रेडिओ चिप, मग वाट बघण्याच्या अवस्थेतली विजेची मर्यादा, आणि शेवटी प्रोसेसर. इथे प्रोसेसरवरून वाद सुरू झाला आणि निकाल लावला रेडिओ चिपच्या डेटाशीटने. एसएक्स१२५५ आधी समोर असती तर एफपीजीएच्या तक्त्यावर खर्च झालेली चर्चा वाचली असती, आणि दोन मीटरचा प्रश्नही पहिल्याच दिवशी टेबलावर आला असता.

एच७४३ नाकारणं बरोबर होतं का, यावर गटात अजून दोन मतं आहेत. माझं मत असं, की विजेच्या कारणाने नाकारणं बरोबर, पण जोडण्यांच्या संख्येच्या बाजूने त्याचा विचार पुरेसा झाला नाही. निवडीच्या तक्त्यात वेग आणि रॅम यांच्या शेजारी "किती आय-टू-एस मोकळे राहतील" असा एक रकाना हवा होता. तो असता तर कदाचित आरपी२३५० चं पारडं जड झालं असतं, कारण त्याच्या पीआयओ या प्रोग्राम करता येणाऱ्या पिन-यंत्रणेतून असे जादा आय-टू-एस सॉफ्टवेअरनेच उभे करता येतात.

म्हणूनच राखीव ठेवलेला आरपी२३५० चा बोर्ड आता पुढे आला आहे. ई९ चा दोष दुरुस्त केलेली चिप मिळते, हार्डवेअरचा थर वेगळा असल्यामुळे मोडेम आणि कोडेकचा कोड जवळपास तसाच उचलता येतो, आणि रेडिओ बोर्डाला हात लावावा लागत नाही. दोन मीटरच्या रेडिओ बोर्डाची आकृती काका स्वतः काढत आहेत : एसएक्स१२५५ तीच, पुढे मिक्सर आणि फिल्टर, म्हणजे प्रोसेसरच्या बाजूने नमुने येण्याची पद्धत बदलणार नाही.